टॉवेल वेगळे ठेवा

“उकळून उकळून टॉवेलाची जाळी झाली, तरी यांचं आपलं एकच, टॉवेल वेगळे ठेवा. आता पोरालाच उकळायचं बाकी राहिलंय.”

बोलणारी बाई कुणाला उद्देशून बोलत नव्हती. बाकावर बसून समोरच्या भिंतीला सांगत होती. पण तिच्या मुलाच्या डोळ्यात थेंब टाकायला मावशी वाकल्या होत्या, त्यांचा कान तिच्या तोंडापासून वीतभरावर होता, आणि भिंतीला सांगितलेलं सगळं त्या कानात गेलं.

“वर बघ रे राजा,” मावशी मुलाला म्हणाल्या. “छतावर पाल आहे का सांग मला.”

मुलाने मान वर केली. थेंब पडला. “नाहीये पाल,” तो डोळा मिटून म्हणाला.

“मग जेवायला गेली असेल.”

दवाखान्यात सगळे त्यांना थेंबवाल्या मावशी म्हणत. डोळ्यांच्या विभागात बावीस वर्षं झाली त्यांना. मोठ्या डॉक्टरांनी डोळा आतून बघायचा तर आधी बाहुली मोठी व्हावी लागते, आणि त्यासाठी दहा-दहा मिनिटांच्या अंतराने तीन वेळा थेंब टाकावे लागतात. पहिला झोंबतो, दुसरा कमी झोंबतो, तिसऱ्यापर्यंत माणसाला सवय होते. मावशींना घड्याळ लागत नसे. बाकावर कुणाचे किती थेंब झाले ते त्यांना चेहऱ्यावरून कळे.

त्यांचं दुसरं काम शिक्का मारायचं. लाकडी मुठीचा, जांभळ्या शाईचा शिक्का: ‘डोळे आले आहेत. टॉवेल वेगळे ठेवा.’ लाल डोळ्याचं मूल आलं की केसपेपरवर तो उठवायचा, खिडकीतून थेंबांची बाटली द्यायची आणि पुढचा नंबर. लाल डोळ्याच्या मुलाला आत, हनुवटी टेकवायच्या यंत्रावर घ्यायचंच नाही, असा मोठ्या डॉक्टरांचा नियम. यंत्र एकच, मुलं चुळबुळी, आणि डोळे आलेल्या एकाने हनुवटी टेकवली की मागच्या दहांना प्रसाद. नियम वाईट नव्हता. दुपारपर्यंत नव्वद माणसं तपासणाऱ्या माणसाने असाच नियम केला असता. फक्त झालं असं, की आलेले डोळे चार-आठ दिवसांत जातात, आणि गेल्या सात महिन्यांत काही मुलांचे गेलेच नाहीत. ती परत येत राहिली. मावशी शिक्का मारत राहिल्या. या बाईच्या मुलाच्या केसपेपरवर पाच शिक्के होते, सगळ्यात जुना पार फिका पडलेला.

“आणि सांगतायत कुणाला,” बाई भिंतीला म्हणाली, “तर मला. धंदाच कपड्यांचा माझा. अर्ध्या गल्लीची इस्त्री माझ्याकडे. म्हणजे होती. पोराच्या कागदावर शिक्का बघितला शेजारणीने, आणि झालं. आता माझ्या हातचा कपडा लोकांना नको. इस्त्रीखाली किडा जगतो का हो मावशी? हात ठेवून बघा म्हणावं एकदा.”

शिक्का टेबलावर होता. तो मावशींनी उगाच खणात टाकला.

आठ दिवसांपूर्वी नवी डॉक्टरीण आली होती. लहान चणीची, बोलायला हळू, आणि नियम मोडायला अजिबात न कचरणारी. लाल डोळ्याची मुलंही यंत्रावर येतील, प्रत्येकानंतर यंत्र मी स्वतः पुसेन, असं तिने पहिल्याच दिवशी सांगितलं, आणि खरंच ती स्पिरिटचा बोळा घेऊन पुसत बसे. म्हणूनच इस्त्रीवालीच्या मुलाला आज बाहुली मोठी करायचे थेंब मिळाले होते.

तिसरा थेंब झाल्यावर डॉक्टरणीने त्याची हनुवटी यंत्रावर टेकवली. दिव्याची बारीक फट त्याच्या डोळ्यावरून सरकली आणि खाली थांबली.

“मावशी, या इकडे. बघा.”

बावीस वर्षांत कुणी मावशींना त्या यंत्रातून बघायला बोलावलं नव्हतं. त्यांनी चष्मा वर केला आणि डोळा लावला. मुलाचा डोळा परातीएवढा दिसत होता. लाल शिरांचं जाळं होतं, आणि बुबुळाच्या मागे, अगदी तळाशी, एक पांढरा दाणा बसला होता. मोहरीच्या निम्मा. मोत्यासारखा चमकत होता, आणि त्यामुळेच बघवत नव्हता.

“हे डोळे येणं नाही,” डॉक्टरीण म्हणाली. “आठ दिवसांत असं हे अकरावं मूल. सगळ्यांचा एकच डोळा लाल, सगळ्यांच्या आत असा दाणा.” मग इस्त्रीवालीला तिने विचारलं, “हा पोहतो का?”

“पोहतो? मासा आहे मासा. शाळा सुटली की तलावात.”

“अकराच्या अकरा पोहतात. त्याच तलावात.” डॉक्टरणीने वहीत काहीतरी लिहिलं. “पाण्यातल्या काही गोगलगायींच्या अंगातून एक किडा सुटतो. डोळ्याला दिसत नाही इतका लहान. पोहणाऱ्या मुलाच्या डोळ्यात शिरतो, आत मरतो, आणि त्याच्याभोवती ही गाठ धरते. डोळा सुजत राहतो. लवकर कळलं तर नेमके थेंब देऊन विरघळवता येते, नाहीतर सुईने काढावी लागते. माझ्या वहीतली सहावी मुलगी आहे ना, तिला आता त्या डोळ्याने समोर धरलेली बोटं मोजता येत नाहीत. तिच्या कागदावर सात शिक्के आहेत.”

सात शिक्के. मावशींना ती मुलगी आठवली. दोन वेण्या. दर वेळी ‘थँक्यू मावशी’ म्हणायची.

“पण गोगलगायी नसतील तर माझं बोलणं फुकट,” डॉक्टरीण पुढे म्हणाली. “मी कुंपणापर्यंत जाऊन आले. मोठ्या माणसांना आत सोडत नाहीत, परवानगी लागते. बाहेरून पाणी काचेसारखं दिसतं. मोठे डॉक्टर म्हणतात, पुरावा आणा, मग तलाव बंद करा म्हणून लिहितो. सोमवारी सुट्टीचं पोहण्याचं शिबिर सुरू होतंय, तीनशे मुलांची नावं आलीत. मावशी, तुमचे यजमान तलावावरच आहेत ना? जरा विचाराल, आत गोगलगायी आहेत का?”

“विचारते,” मावशी म्हणाल्या.

विचारायचं काही नव्हतं. गोगलगायींच्या दोन बादल्या तलावात ओतल्या गेल्या होत्या, आणि त्यातली एक मावशींनी स्वतः वाहून नेली होती.

*

त्यांचे यजमान म्हणजे तलावकाका. तलावाची राखण, झाडलोट, पोरांवर ओरडणं, बुडणाऱ्याला बाहेर काढणं, सगळं एकाच माणसाकडे. पूर्वी पाण्यात टाकायची पावडर कार्यालयातून यायची. ती मागच्या वर्षी बंद झाली. पाणी हिरवं पडलं, पायऱ्यांवर शेवाळ धरलं, एका पोराने घसरून दात पाडून घेतले. काकांनी अर्ज केले. एक नाही, सहा. सहाव्याला उत्तर आलं: उपलब्ध साधनांतून व्यवस्था करावी.

उपलब्ध साधन म्हणजे एक झाडू आणि काकांचं डोकं. काकांनी कालव्याच्या काठी बघितलं होतं की जिथे गोगलगायी असतात तिथले दगड चाटूनपुसून स्वच्छ असतात. एका सुट्टीच्या सकाळी नवरा-बायको बादल्या घेऊन गेले, गुडघाभर पाण्यात उभं राहून त्यांनी गोगलगायी वेचल्या, आणि मावशी किती हसल्या होत्या तेव्हा. ‘लोक पोरांना कामाला लावतात, तुम्ही गोगलगायींना.’ महिन्याभरात तळाची फरशी दिसायला लागली. साहेब लोक बघायला आले. फोटो निघाले. कसं केलं, हे एकानेही विचारलं नाही. फुकटात झालं ना, मग बास. काकांना प्रशस्तिपत्र मिळालं, ‘आदर्श स्वच्छ तलाव’. खाली चार सह्या, त्यातली तिसरी दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरांची.

ते प्रशस्तिपत्र काचेत बसवून घड्याळाच्या शेजारी लावलेलं होतं. काका रोज घड्याळ पुसत आणि मग जणू फडकं हातातच आहे म्हणून तेही पुसत. उभ्या नोकरीत त्यांच्या नावाचे कागद पुष्कळ आले होते. ताकीद नसलेला हा पहिलाच.

मावशी घरी पोचल्या तेव्हा काका हौदावर पाय धूत होते आणि नात पायरीवर बसली होती. लेकीची ड्युटी उशिरा सुटते, तोपर्यंत नात यांच्याकडेच. नऊ वर्षांची, एका जागी म्हणून बसत नसे, म्हणून तिचं नाव भिंगरी पडलं होतं. आज भिंगरी बसलेली होती. केस डाव्या डोळ्यावर ओढून घेतले होते.

“हा कुठला नवा भांग?” मावशींनी विचारलं.

“फॅशन आहे.”

“इकडे ये फॅशन.”

“आजी, नको ना.”

मावशींनी हनुवटी धरून केस बाजूला केले. डोळा लाल होता. नुसता चोळून होतो तसा नाही. खालच्या बाजूला जास्त लाल, आणि उजेडाकडे वळवल्याबरोबर त्यातून पाणी गळायला लागलं.

“साबण गेला,” भिंगरी घाईने म्हणाली.

“कधी?”

“परवा. तेरवा. आजी, शिबिराला पाठवशील ना पण? आजोबांनी माझं नाव पहिलं लिहिलंय.”

मावशींनी तिला आत पाठवलं आणि त्या हौदापाशी येऊन उभ्या राहिल्या. डॉक्टरणीने सांगितलं होतं ते सगळं त्यांनी सांगितलं. किडा, गाठ, अकरा मुलं, सहावी मुलगी. काका ऐकत होते आणि तोच पाय पुन्हा पुन्हा धूत होते.

“डोळे आले असतील तिचे,” ते शेवटी म्हणाले. “शाळेत कुणाचा तरी टॉवेल…”

“टॉवेलाचं नाव काढू नका,” मावशी म्हणाल्या. “सात महिने तेच छापतेय मी. माझ्या हाताने. एकेका आईच्या तोंडावर.”

काकांनी नळ बंद केला. “अगं, गोगलगाय ती. मी काय विष टाकलं? तिला मेलीला शिंगंसुद्धा धड नसतात, बोट लावलं की आत घेते.”

“तुम्ही विष टाकलं असं मी म्हटलं का?”

“मग काय म्हणतेस?”

“डॉक्टरीण विचारतेय, आहेत का. आहे किंवा नाही, एका शब्दाचं उत्तर आहे.”

“सांगितलं तर?” काकांनी दाराकडे बघितलं. तिथून घड्याळ दिसत होतं आणि घड्याळाच्या शेजारचंही. “पावडर का नाही दिली, हे विचारणार आहे का कुणी? त्या चार सह्यांना विचारणार आहे? म्हणतील, म्हाताऱ्याने पोरांचे डोळे घालवले. गावभर तेच नाव राहील माझं.”

हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच मावशींच्या अंगाचा तिळपापड झाला. पावडर बंद करणारा कुठल्यातरी पंख्याखाली बसला होता. ‘उपलब्ध साधनांतून’ लिहिणाऱ्याने ते लिहून चहा मागवला असेल. मोठ्या डॉक्टरांनी पाणी बघितलं, चकचकीत दिसलं, सही ठोकली, आणि दवाखान्यात येऊन त्याच पाण्यातून आलेल्या मुलांच्या आयांना टॉवेल उकळायला लावले. आणि मावशींनी? मावशींनी बादली नेली आणि शिक्का मारला. दोन्ही हात बरबटलेले. या सगळ्यांत जिने खरंच काही उकळलं, धुतलं, पुसलं, ती एकटी इस्त्रीवाली, आणि गल्लीने वाळीत टाकलं ते नेमकं तिला.

“उद्या भिंगरीला घेऊन तुम्ही येताय,” त्या म्हणाल्या.

“मी काय करू तिथे?”

“बाकावर बसायचं. तिचे तीन थेंब होईपर्यंत. तेवढ्यात तुमच्या तोंडून निघालं तर ठीक. नाहीतर तिसऱ्या थेंबानंतर मी सांगेन. तुमचं नाव माझ्या तोंडून गेलेलं मला आवडणार नाही. पण जाईल.”

काकांनी ओले पाय तसेच चपलेत घातले आणि ते उगाचच फाटकापर्यंत जाऊन आले.

*

शुक्रवारी सकाळी बाक भरलेला होता. डॉक्टरणीने इस्त्रीवालीलाही बोलावलं होतं, मुलाची गाठ सुईने काढायची की थेंबांवर भागेल ते मोठ्या डॉक्टरांना दाखवायला. भिंगरी तिच्या मुलाशेजारी बसली, आणि तिच्या पलीकडे काका, धुतलेला शर्ट घालून, हात गुडघ्यांवर ठेवून, फोटो काढायला बसावं तसे.

“पाल बघ,” मावशींनी नातीला सांगितलं.

“छतावर पाल नसतेच आजी, तू सगळ्यांना हेच सांगतेस.” तरी तिने वर बघितलं. पहिला थेंब झोंबला. तिने आजोबांचा अंगठा धरला.

इस्त्रीवालीने काकांकडे निरखून बघितलं. “तुम्ही तलावावरचे ना हो? तलावकाका?”

काकांनी मान हलवली.

“आमचा हा सारखं तुमचंच नाव घेतो. काकांनी पाय मारायला शिकवला, काकांनी श्वास धरायला शिकवला.” मग ती जरा पुढे सरकली आणि आवाज खाली आणून म्हणाली, “खरं सांगू का काका, ते टॉवेलाचं ऐकून ऐकून मला घरात पोराच्या तोंडाला फडकं लावायची भीती वाटते. मीच त्याला म्हणते, जा रे, तलावात जाऊन ये, तिथे तोंड धू. घरच्यापेक्षा तिथलं पाणी बरं. किती स्वच्छ ठेवता हो तुम्ही.”

काकांच्या गुडघ्यावरचे हात सरकले. ते काहीतरी बोलणार असं मावशींना वाटलं. पण ते फक्त इस्त्रीवालीच्या मुलाकडे, त्याच्या अर्धवट मिटलेल्या डोळ्याकडे बघत राहिले.

दुसरा थेंब. मावशींचा हात बावीस वर्षांत पहिल्यांदा चुकला. थेंब भिंगरीच्या गालावर पडला.

“आजी, नेम धर ना,” भिंगरी म्हणाली.

पुन्हा टाकला. दहा मिनिटं. बाकावरच्या कुणाचे किती झाले हे आज मावशींना चेहऱ्यावरून कळेना. त्यांना एकच चेहरा दिसत होता, आणि तो जमिनीकडे बघत होता.

तेवढ्यात मोठे डॉक्टर आले. मागे नवी डॉक्टरीण, वही छातीशी धरलेली. ती काहीतरी समजावत होती आणि ते चालता चालता ऐकत होते, म्हणजे ऐकत नव्हते.

“गोगलगायी, गोगलगायी. कुणी बघितल्यात का त्या?” ते म्हणाले. “तो तलाव मी स्वतः बघितलेला आहे. तळाची फरशी मोजता येते. मी त्याला प्रमाणपत्र दिलंय. तुमच्या आठ दिवसांच्या वहीवर तीनशे मुलांचं शिबिर बंद करू?” मग त्यांची नजर बाकावर गेली. “आणि ही लाल डोळ्याची मुलं इथे कशाला बसवलीत? मावशी, शिक्का कुठे आहे?”

“खणात आहे,” मावशी म्हणाल्या, आणि जागच्या हलल्या नाहीत.

मोठ्या डॉक्टरांनी स्वतः खण उघडला. इस्त्रीवालीच्या हातातला केसपेपर घेतला, वरचे पाच शिक्के बघितले, आणि थकलेल्या माणसाच्या आवाजात, अगदी समजुतीने म्हणाले, “बाई, पाच वेळा सांगितलं तुम्हाला. पाच वेळा. घरात स्वच्छता ठेवायला काय पैसे पडतात का? पोराचा डोळा जाईल ना अशाने.”

आता ही फाडफाड बोलेल, असं मावशींना वाटलं. काल भिंतीला बोलली तसं आज माणसाला बोलेल. पण इस्त्रीवालीने मान खाली घातली. इस्त्रीच्या चटक्यांचे जुने डाग असलेले हात तिने पदराखाली घेतले.

“मीच कुठेतरी कमी पडले असेन, साहेब,” ती म्हणाली.

सहावा शिक्का उठला. मावशींच्या हातात तिसऱ्या थेंबाची बाटली तशीच होती. त्यांनी तोंड उघडलं, आणि त्याच वेळी बाक करकरला.

तलावकाका उभे राहिले होते. भिंगरीने त्यांचा अंगठा सोडला नव्हता, म्हणून ते एका बाजूला थोडे झुकले होते.

“या बाईंचं काही चुकलेलं नाही, साहेब,” ते म्हणाले. आवाज तलावावर ओरडून ओरडून खरखरीत झालेला, पण आज त्यांनी तो चढवला नाही. “टॉवेलांचंही नाही. पाणी तुम्हाला स्वच्छ दिसलं, मलाही दिसलं, तुम्ही सही केलीत, मी ती काचेत लावली. पावडर बंद होती. सहा अर्ज दिले होते, ते कार्यालयात असतील, नाहीतर माझ्याकडे नकला आहेत.” ते डॉक्टरणीकडे वळले. तिने वही उघडली होती. “लिहा बाई. तलावात गोगलगायी आहेत. पायऱ्यांच्या खालच्या अंगाला, भिंतीच्या फटीत, हात घातला की ओंजळभर निघतील. त्या आपणहून आलेल्या नाहीत. मी सोडल्या.”